धर्माभ्यास : वर्गातला आणि वेशीबाहेरचा

आपल्या मुलामुलींनी कॉलेजात ‘जगातील धर्म’ हा विषय घ्यावा काय? एका शिबिरात, दुपारची जेवणे आटोपल्यावर, चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने हा प्रश्न मला जवळजवळ रागानेच विचारला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : धर्माने आपले काय केले ते आपल्या पाठीला ठाऊक आहे. ते पुन्हा पुस्तकात वाचून त्यावर पेपर कशाला लिहावयाचा? पोरांनी कायदा शिकावा, अर्थशास्त्र शिकावे, कॉम्प्युटर शिकावा. धर्माचे काय ते बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ठरवून टाकले. आता त्यात शिकण्यासारखे उरले काय?

प्रश्न खोटा नाही. गेली काही वर्षे मी हा विषय एका कॉलेजात शिकवतो, आणि दरवर्षी नावे नोंदविण्याच्या वेळी पाहतो की आपली मुले या वर्गाच्या दारात थबकतात. काहींना वाटते, हा भटजींचा विषय. काहींना वाटते, येथेही कुणीतरी आपल्याला ‘संस्कार’ शिकविणार. ही शंका त्यांच्या वाडवडिलांच्या अनुभवातून आलेली आहे. ती हसण्यावारी नेता येत नाही. तरीही माझे मत मित्राच्या नेमके उलट आहे. आपण धर्माचा अभ्यास सोडला म्हणून तो अभ्यास थांबत नाही. तो आपल्यावाचून होत राहतो आणि आपल्याविषयी होत राहतो. शिबिरात मला हे नीट सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. धर्मशिक्षण आणि धर्माभ्यास या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद कुणा परदेशी पंडिताने नव्हे, खुद्द बाबासाहेबांनी घटना समितीत केलेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये मसुद्यातील २२ व्या कलमावर, म्हणजे आजच्या २८ व्या कलमावर, चर्चा चालू होती. संपूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येणार नाही, असे ते कलम सांगते. तेव्हा एका सभासदाने विचारले की, संस्कृत संस्थांतून वेद, गीता, उपनिषदे शिकविली जातात, त्यांचे काय होणार? बाबासाहेबांचे उत्तर स्पष्ट होते. अमुक देवावर श्रद्धा ठेव, अमुक हाच अखेरचा प्रेषित मान, असे सांगणे म्हणजे धर्मशिक्षण. संशोधन आणि अध्ययन ही त्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट. बंदी पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर नाही. त्याच कलमाचे तिसरे पोटकलम आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करून ठेवावे असे आहे. संस्था खाजगी असो, सरकारी अनुदानावर चालणारी असो वा नुसती मान्यताप्राप्त असो, तेथील धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणत्याही विद्यार्थ्यावर करता येत नाही. त्याची संमती लागते, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची लागते. गॅदरिंगच्या आरतीला सर्वांना उभे करणाऱ्या किती प्राचार्यांना हे माहीत आहे कोण जाणे!

पुढे न्यायालयांनीही हाच भेद मानला. १९७१ साली पंजाबातील डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा अभ्यास ठेवणे म्हणजे शीख धर्माचे शिक्षण देणे नव्हे. २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा वाद आला, तेव्हाही धर्मांविषयीची माहिती आणि धर्माची शिकवण यांत न्यायालयाने फरक केला. त्याआधी १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हेच सांगितले होते. तेव्हा कायद्याने दार उघडे आहे. दारातून आत कोण जातो आणि आत काय मांडून ठेवलेले आहे, हा खरा प्रश्न.

आणि येथेच सावध राहावयास हवे. कारण ‘धर्मांविषयीची माहिती’ या नावाखाली कुणाची माहिती येते? स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ साली, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठीय शिक्षणाचा आयोग नेमला गेला. कॉलेजचा दिवस काही मिनिटांच्या मौन चिंतनाने सुरू व्हावा, आणि पदवीच्या पहिल्या वर्षी जगातील थोर धर्मपुरुषांची चरित्रे शिकवावीत, असे या आयोगाने सुचविले. त्या यादीत बुद्ध होते, कन्फ्यूशियस होते, येशू व महंमद होते, शंकर-रामानुज होते, कबीर-नानक होते, गांधीही होते. जोतीराव फुले नव्हते. चोखोबा नव्हते. यादी उदार आहे, यात शंका नाही. पण सर्व धर्म मुळात एकच आहेत आणि सगळे चांगलेच सांगतात, असे आधीच ठरवून ती केलेली आहे. जो अभ्यास उत्तर ठरवून सुरू होतो त्याला अभ्यास का म्हणावे? विहिरीवरून हाकलल्या गेलेल्या माणसाला ‘सर्व धर्म समान’ हे वाक्य ऐकवणे ही त्याची थट्टा आहे. आज तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ नावाचे विषय कॉलेजाकॉलेजांत आले आहेत. त्यांत बुद्ध किती, लोकायत किती, संतांतले शूद्रातिशूद्र किती आणि वर्णाश्रमाचे गोडवे किती, हे वर्गात बसणाराच तपासू शकतो. बाहेर उभा राहणारा नाही.

आता या शास्त्राचा जन्म कसा झाला ते पाहू; त्याशिवाय आजचा अभ्यासक्रम असा का दिसतो ते कळत नाही. तौलनिक धर्माभ्यासाचा पाया घालणारा म्हणून ज्याचे नाव घेतात तो मॅक्स म्युलर जर्मन होता, ऑक्सफर्डला प्राध्यापक होता, आणि हिंदुस्थानात तो कधीही आला नाही. १८७० साली लंडनमध्ये त्याने ‘धर्माचे शास्त्र’ या कल्पनेवर व्याख्याने दिली. एकच धर्म जाणणारा कोणताच धर्म जाणत नाही, असा त्याचा दावा होता. दावा धाडसी होता व त्या काळच्या पाद्र्यांना तो झोंबला. त्यानंतर त्याने ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ ही प्रचंड ग्रंथमाला हाती घेतली. १८७९ ते १९१० या काळात तिचे ५० खंड निघाले. पहिल्याच खंडात उपनिषदे. आठव्यात भगवद्‌गीता, तिचे भाषांतर आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी १८८२ साली केले. दहाव्या खंडात धम्मपद आणि सुत्तनिपात. कुराण, झेंद अवेस्ता, जैन सूत्रे, चीनमधले कन्फ्यूशियस व ताओ मताचे ग्रंथ, सगळे त्यात आहे. पंचविसावा खंड मनुस्मृतीचा, १८८६ सालचा. भाषांतरकार बूलर. हा गृहस्थ काही वर्षे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत होता.

या ग्रंथमालेचे उपकार मोठे आहेत. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पाली ग्रंथ इंग्रजीत आले म्हणून ते शतकानुशतके पोथ्यांना हात लावू न दिलेल्यांच्या वाचनात येऊ शकले. पण या ५० खंडांत काय नाही तेही पाहावे. बायबल नाही. मोजमाप घेणाऱ्याने जगभराच्या धर्मांना फूटपट्टी लावली, स्वतःच्या घरचा ग्रंथ मात्र त्या रांगेत बसला नाही. दुसरे असे की मराठी, तामीळ, हिंदी अशा लोकभाषांत जे धर्मजीवन उभे राहिले, तुकोबा, जनाबाई, कबीर, रविदास, त्यांना तेथे जागा नाही. आणि ज्यांच्या धर्माला पोथीच नाही त्यांचा तर प्रश्नच नको! मरीआई, म्हसोबा, पोतराज, आदिवासींचे देव हे धर्म या सदरात बसत नाहीत. ते ‘अंधश्रद्धा’ किंवा ‘लोकरूढी’ या सदरात जातात. या वर्गवारीचा परिणाम पुस्तकापुरता राहिला नाही. आदिवासींच्या धर्माला जनगणनेत वेगळा रकाना द्यावा म्हणून झारखंडच्या विधानसभेला नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी ठराव करावा लागला. पुस्तकातील अनुक्रमणिका सरकारी फॉर्ममध्ये उतरते ती अशी.

म्युलरच्या काळापासून कॉलेजातल्या क्रमिक पुस्तकाचा साचा ठरून गेला तो हा : प्रत्येक धर्माला एक संस्थापक, एक ग्रंथ, काही तत्त्वे, काही सण. हिंदू धर्माला संस्थापक नाही, तर त्याच्या जागी उपनिषदे व गीता घालावयाची. वर्णव्यवस्थेवर दीड पान. तेही ‘मुळात ती गुणकर्मावर होती’ या वाक्याने संपणारे. हे वाक्य मी इतक्या गाईडांतून वाचले आहे की ते कुणी प्रथम लिहिले याचे मला कुतूहल वाटू लागले आहे. ज्या मनुस्मृतीचे भाषांतर विद्वानांच्या टेबलावर शांतपणे पडून होते, तीच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. वर्गात पहिली घटना ‘धर्माभ्यास’ या पेपरात येते आणि दुसरी ‘आधुनिक इतिहास’ या पेपरात. दोन्ही एकाच पेपरात आल्या पाहिजेत, एवढेच माझे मागणे आहे.

साचा बदलण्याचे प्रयत्न परदेशात झाले नाहीत असे नाही. इंग्लंडमध्ये १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्माभ्यासाचा विभाग सुरू केला. धर्म म्हणजे केवळ सिद्धांत नव्हे. त्याला विधी, कथा, सिद्धांत, नीती, समाजरचना आणि अनुभव अशा सहा बाजू असतात, आणि त्या सर्व पाहिल्या पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. पुढे देवळे, मूर्ती, वस्तू यांची भौतिक बाजू त्यांनी त्यात मिळवली. मला ही मांडणी उपयोगी वाटते. मुलांना मी ती शिकवतो. पण ती शिकवताना एक उणीव जाणवते. या सगळ्या बाजू आत असणाऱ्याने पाहिलेल्या आहेत. देवळाचा विधी काय, हे ती विचारते. विधी चालू असताना बाहेर कोण उभा होता, हे विचारीत नाही. पंढरपुरास चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधल्या सहाशे वर्षांत त्या पायरीवर जे घडले ते ‘विधी’ या सदरात घालावयाचे की ‘समाजरचना’ या? की त्याला स्वतंत्र प्रकरण हवे?

हे प्रश्न आपण नव्याने विचारतो आहोत अशा भ्रमात राहू नये. महाराष्ट्रात हा अभ्यास कसा करावा याचा धडा फार पूर्वी घालून दिला गेला आहे. म. फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एका कुटुंबाचे चित्र काढले आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचावे आणि पटल्यास तो धर्म घ्यावा. नवऱ्याने जुना व नवा करार वाचून वाटल्यास ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे. मुलाने सत्यधर्माचे पुस्तक वाचून सत्यधर्मी व्हावे. आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे, कुणी कुणाचा द्वेष करू नये. यातला उदारपणा सर्वांना दिसतो, पण दोन गोष्टी बहुधा निसटतात. एक, प्रत्येकाने आधी वाचावयाचे आहे, मग ठरवावयाचे आहे. जन्माने काहीही ठरलेले नाही. दुसरी, बाईचा धर्म नवरा ठरवीत नाही आणि मुलीचा बाप ठरवीत नाही. म्युलरच्या ग्रंथमालेचे काम चालू असतानाच पुण्यातला एक माळी तौलनिक धर्माभ्यासाचा वर्ग घरात भरवून दाखवीत होता, आणि त्या वर्गात बाईला पहिली जागा होती.

दुसरे उदाहरण विठ्ठल रामजी शिंद्यांचे. जमखंडीचा हा मराठा तरुण १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला तो याच विषयासाठी. युनिटेरियन पंथाचे ते कॉलेज. तेथे जे. एस्टलिन कार्पेंटर हे तौलनिक धर्म शिकवीत. पाली ग्रंथांचे ते जाणकार होते. दोन वर्षे जगातील धर्मांचा अभ्यास करून शिंदे १९०३ साली परत आले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. नुसते प्रचारकच राहिले असते तर त्यांची आठवण येथे काढण्याचे कारण नव्हते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभे केले. पुढे १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहिला. शिंदे आणि बाबासाहेब यांच्यात राजकीय मतभेद झाले, ते तीव्र होते, आणि त्यात आपण कुणाच्या बाजूचे हे सांगावयास नको. पण ऑक्सफर्डला धर्म शिकलेला माणूस परळच्या चाळीत शाळा काढतो, ही त्या विषयाच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे. आपल्या मतभेदांपायी ती विसरण्याचे कारण नाही.

स्वतः बाबासाहेबांनी धर्माकडे पाहण्याची सुरुवात कुठे केली? धर्मशास्त्राच्या वर्गात नव्हे. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उगमावरील निबंध वाचला तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. जातीचा उलगडा त्यांनी पुरुषसूक्तात शोधला नाही. जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आणि त्यापायी स्त्रीवर लादलेल्या सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांत शोधला. म्हणजे पोथी बाजूला ठेवून माणसे काय करतात ते आधी पाहिले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा. मधली एकवीस वर्षे बाबासाहेब काय करीत होते, असे कुणी विचारले तर त्याचे एक उत्तर असे की ते जगातील धर्मांचा अभ्यास करीत होते. माझ्या मित्राने ‘बाबासाहेबांनी ठरवून टाकले’ असे म्हटले तेव्हा या एकवीस वर्षांचा त्याला विसर पडला.

त्या अभ्यासाची पद्धत दोन लेखनांतून नीट दिसते. एक ‘हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान’ हे प्रकरण, जे त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ते १९८७ साली आले. त्यात ते विचारतात की, धर्माची पारख कशाने करावी? आणि उत्तर देतात : न्याय आणि उपयुक्तता या कसोट्यांनी. देव आहे की नाही, आत्मा अमर आहे की नाही, या वादात ते अडकत नाहीत. हा धर्म माणसाला माणूस मानतो काय, एवढे ते पाहतात. दुसरा लेख १९५० सालचा, महाबोधी सोसायटीच्या मासिकातला, बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरचा. त्यात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण या चौघांना शेजारी ठेवून त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला आहे : यांनी स्वतःसाठी कोणती जागा मागितली? एकाने देवाचा पुत्र म्हणून, दुसऱ्याने देवाचा अखेरचा प्रेषित म्हणून, तिसऱ्याने प्रत्यक्ष परमेश्वर म्हणून, आणि बुद्धाने? केवळ वाट दाखविणारा माणूस म्हणून. त्याच लेखात धर्माला चार अटी घातल्या आहेत : त्याने समाजाला नीतीचा आधार द्यावा, तो विज्ञानाशी विसंगत नसावा, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना त्याने मान्यता द्यावी, आणि दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. शेवटची अट मी वर्गात फळ्यावर वेगळी लिहितो. ‘ठेविले अनंते’ छापाच्या उपदेशावर वाढलेल्या मुलांना ती ऐकून धक्का बसतो.

१९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जे कॉलेज काढले त्याचे नाव पुढे मिलिंद झाले, आणि परिसराचे नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, मिनँडर. नागसेन हा भिक्षू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि भिक्षू उत्तरे देतो. कॉलेजला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, उत्तरे देणाऱ्याचे नव्हे. मराठवाड्यातून कधी शाळेची पायरी न चढलेल्या घरांची मुले या कॉलेजात आली, आणि पुढे त्यांतल्या अनेकांनी लेखणी हाती घेतली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

पण मिलिंदाचे प्रश्न परक्यांच्या घरापुरते ठेवून चालत नाहीत. येथे आपल्यातले काही वाचक नाराज होतील, तरी बोलणे भाग आहे. कसोटी सर्वांना एकच लावावयाची असेल तर ती बौद्ध जगालाही लावावी लागते. श्रीलंकेत १७५३ साली कँडीला सयाम निकाय हा भिक्षुसंघ स्थापन झाला. थोड्याच काळात त्यात फक्त गोविगम या वरच्या, शेतकरी जातीच्या माणसालाच उपसंपदा मिळू लागली. तेव्हा दालचिनीचे काम करणाऱ्या सलागम जातीतले लोक ब्रह्मदेशात गेले, तेथून दीक्षा घेऊन आले आणि १८०३ च्या सुमारास त्यांनी अमरपूर निकाय उभा केला. चीवर तेच, त्रिपिटक तेच, जात मात्र निराळी! जपानमध्ये बुराकू समाजाची माणसे चामड्याचे, कत्तलखान्याचे काम करणारी. १८७१ साली त्यांच्यावरचा कलंक सरकारी हुकमाने पुसला गेला. पण बौद्ध मंदिरांत मेलेल्या माणसाला जे धर्मनाम देतात, ते या लोकांना देताना ‘जनावर’, ‘चामडे’ अशा अर्थाची अक्षरे त्यात घालण्याचा प्रघात होता. माणूस मेल्यावरही त्याची जात थडग्यावर कोरली जात होती. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला भरलेल्या जागतिक धर्म आणि शांती परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका पदाधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव नाहीच असे सांगितले. बुराकू मुक्ती चळवळीने त्याला जाब विचारला. अखेर पंथाला माफी मागावी लागली आणि आपल्या मंदिरांतील मृत्युनोंदी व थडगी तपासावी लागली.

आपल्या विद्यार्थ्याला हे कळले तर त्याचा धम्म डळमळेल, अशी भीती काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. बाबासाहेबांनी आयती कोणतीही परंपरा जशीच्या तशी उचलली नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना त्यांनी भिक्षुसंघाच्या हेतूविषयीच सुरुवातीला प्रश्न टाकला. जपानमधला बुराकू कार्यकर्ता बौद्ध मंदिराला जाब विचारतो, अमेरिकेतला जेम्स कोन हा कृष्णवर्णी धर्मपंडित १९६९ साली गोऱ्या चर्चला जाब विचारतो, आणि आमच्याकडे दलित ख्रिस्ती कार्यकर्ते कबरस्तानातल्या भिंतीबद्दल चर्चला जाब विचारतात. या तिघांचे एकमेकांशी नाते आहे. हे नाते दाखविणारे प्रकरण कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला मिळाले नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक बायबल छापले गेले. मोझेसने गुलामांना इजिप्तमधून सोडवून नेल्याची कथा त्यातून गाळली होती. धर्मग्रंथात काय आहे हे शिकविणारे पुष्कळ. कुणापासून त्यातले काय लपविले गेले, हे शिकविणारा विरळा. ‘हिंदू धर्म’ शिकविताना शूद्राला वेद ऐकण्याचीही बंदी होती हे सांगणाऱ्या शिक्षकाला हा १८०७ चा ग्रंथ चटकन समजेल.

आता वर्गातले थोडे सांगतो, कारण मित्राचा प्रश्न शेवटी वर्गाविषयीच होता. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. मुलांना सांगतो : तुमच्या घरात, गावात धर्म म्हणून जे पाहिले त्यातल्या पाच गोष्टी लिहा. वेद, उपनिषद, त्रिपिटक, कुराण हे शब्द क्वचित येतात. येतात ते असे : मरीआईचा गाडा, नवसाचा बकरा, दर्ग्याचा संदल, भीमजयंतीची मिरवणूक, आजीच्या जटा, विहिरीवरचे भांडण, मावशीची जोगव्याची परडी. एका मुलाने फक्त ‘शिवाशिव’ एवढाच शब्द पाच वेळा लिहून दिला होता. मी त्याला काही बोललो नाही. त्या वर्षी सगळ्यांत जास्त पुस्तके ग्रंथालयातून त्यानेच नेली.

दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. गावाचा कच्चा नकाशा काढा. त्यात देवळे, मशीद, विहार, चर्च असेल ते दाखवा, आणि त्याचबरोबर पाणी भरण्याच्या जागा व मसणवटे दाखवा. कोण कुठे जाते ते लिहा. मत लिहू नका. सुट्टीनंतर नकाशे भिंतीवर लावतो, आणि मग ‘धर्माची सामाजिक बाजू’ यावर मला फारसे बोलावे लागत नाही. सवर्ण घरातली मुलेही हे काम प्रामाणिकपणे करतात. आपल्या गावात मसणवटे तीन आहेत हे त्यातल्या एकीला वीस वर्षांत प्रथमच कळले, असे तिने वहीत लिहिले होते. मार्क देणारा मी. पण परीक्षेचा पेपर बाहेरून येतो आणि त्यात ‘धर्माची व्याख्या सांगून धर्माची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हाच प्रश्न असतो. तेव्हा नकाशे भिंतीवरच राहतात. अभ्यासमंडळावर आपली माणसे जाईपर्यंत हे असेच चालणार, आणि हा विषयच न घेणाऱ्यांतून अभ्यासमंडळावर कोण जाणार?

गेल्या हिवाळ्यात बौद्धवाड्यातल्या एका मुलीने आपला नकाशा सर्वांच्या शेवटी, घोळक्याचे लक्ष नसताना, टेबलावर ठेवला. गावाचे सगळे नीट दाखवले होते. विहाराच्या चौकोनाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात तिने लिहिले होते की, मातंगवस्तीतली माणसे जयंतीच्या जेवणाला येतात, पण त्यांची पंगत आपल्यानंतर बसते. शिवाय वंदना घेण्यासाठी बायांना कधी पुढे बोलावले जात नाही. तिने विचारले, ‘सर, हे शाईने लिहू का? वडील कमिटीवर आहेत.’ मी म्हणालो, वडिलांना आधी वाचून दाखव. पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा अक्षरे शाईची होती, आणि खाली वेगळ्या, जाडजूड अक्षरात एक ओळ वाढलेली होती : पंगतीचे खरे आहे, यंदाच्या मीटिंगमध्ये घेतो.